ओल्या चित्राला कुंकू

आता काय सांगू, आधी चहाचे कप खाली ठेवा. ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

आम्ही न्यू जर्सीत नवे होतो, आईला पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे, तेव्हाची गोष्ट. घरात माझा कडक नियम. अंडं आणायचं नाही म्हणजे नाही! केकसुद्धा मी पाकिटावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घ्यायची नाही. नवरा बिचारा ऑफिसात गुपचूप आम्लेट खायचा.

वरच्या अपार्टमेंटमध्ये तुमूर नावाचा मंगोलियन चित्रकार राहायचा. दुसऱ्या दिवशी त्याचं पहिलं प्रदर्शन, आणि नेमकं त्याचं छत गळायला लागलं. चित्र घेऊन तो आमच्याकडे आला.

"उद्यापर्यंत ठेवाल? माझं लहानपणीचं खेळणं काढलंय. ऑइल पेंट आहे हं, अजून ओला आहे."

त्यानं चित्राचं तोंड भिंतीकडे केलं आणि गेला. आता मला सांगा, असं कुणी करतं का? मंगोलियातली मुलं खेळतात तरी कशाशी? मला चैन पडेना.

"अगं, हात लावू नकोस," नवरा म्हणाला.

"हात कुठे लावतेय? नुसतं बघतेय!"

वळवलं. निळ्या कापडावर चार पांढरट गोळे.

"दात दिसतायत कुणाचे तरी," नवरा म्हणाला.

"दात काय! अहो, सागरगोटे आहेत! आम्ही परकरात घालून फिरायचो!"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! नवी वस्तू, उद्या पहिलं प्रदर्शन. नव्या व्हॅक्यूम क्लीनरलासुद्धा मी हळदकुंकू लावलं होतं, मग हे तर चित्र! एकेका गोट्याला कुंकवाचं बोट टेकवलं, वर अक्षता टाकल्या.

अक्षता चिकटल्या. काढायला गेले तर रंग निघाला. पदरानं पुसलं, तर निळ्या कापडावर लाल ओघळ.

सकाळी तुमूर आला. मी रडत सगळं सांगितलं. त्यानं चष्मा लावला, चित्राजवळ जाऊन निरखून बघितलं.

"का लावलंत?"

"नव्या वस्तूला लावतो आम्ही. तिचं चांगलं व्हावं म्हणून."

"माझी आई असंच बोटानं लोणी लावायची. नव्या खेळण्यांनासुद्धा," तो हळूच म्हणाला. "राहू दे. असंच नेतो."

माझा जीव भांड्यात पडला. तिथे गप्प बसावं की नाही? पण नाही!

"अय्या, मीसुद्धा ह्याच सागरगोट्यांनी खेळायचे! आमच्या गावात झुडपाला लागायचे."

"झुडपाला?" तुमूर चक्रावला. "आमच्याकडे मेंढीच्या पायात असतात. घोट्याची हाडं आहेत ही."

नवरा उठून बाथरूममध्ये गेला. तिथून हसण्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी घरी आला तो डझनभर अंडी घेऊनच. मी तोंड उघडायच्या आत त्यानं खोका टेबलावर ठेवला आणि शेजारी कुंकवाचा करंडा.

"तू आधी कुंकू लाव," म्हणाला, "मग मी फोडतो."