गुरुजींची झाडं, आमची भुरी

साळुंके गुरुजी गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवरून कळलं. आधी फोटो आला, पांढऱ्या टोपीतले हसरे गुरुजी आणि मागे झाडांची दाटी. खाली ओळ होती, 'मुलांच्या मनात करुणेचं रोप लावणारा वृक्षमित्र हरपला.' मी शहरात, गारखेड्यातल्या आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये जेवत होते. शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "हे तुमचेच गुरुजी ना हो? अरेरे..." मी डबा संपवला, हात धुतले आणि पुढच्या तासाला गेले. डोळ्यांत पाणी आलं नाही. करुणेचं रोप हे शब्द मात्र दिवसभर दाताखाली खड्यासारखे येत राहिले. पुढे त्यांच्या शोकसभेत जे घडलं ते ऐकून या पुरवणीच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं. मी म्हटलं, गोड लिहिता येणार नाही. ते म्हणाले, चालेल. तेव्हा वाचणाऱ्यांनीही चालवून घ्यावं.

आमची वस्ती करमाडच्या पलीकडे, जालना रस्ता सोडून बरंच आत. आम्ही धनगर. बाप मेंढरं घेऊन पावसाळा सरला की बिडकीन, पैठणकडे उतरायचा आणि आई, मी, धाकटा भाऊ शेळ्या सांभाळत मागे राहायचो. साळुंके गुरुजी गावातल्याच बागायतदार घरातले. शाळेवर आले तेव्हा तरणेबांड होते आणि झाडांनी झपाटलेले होते. हे कबूल करायलाच हवं, की तसा मास्तर आमच्या गावानं आधी पाहिला नव्हता. छडी नाही, शिवी नाही. मुलांना झाडाखाली बसवून शिकवायचे, मुंगीची रांग दिसली की वर्ग वळसा घालून न्यायचे. "झाड म्हणजे तुमचा भाऊ," म्हणायचे. शाळेमागच्या गायरानात त्यांनी आमच्याकडून रोपं लावून घेतली. प्रत्येकाचं एक रोप, रोपाला पत्र्याची पाटी, पाटीवर नाव. माझा कडुलिंब होता. मी त्याला घरून तांब्यानं पाणी नेत असे, आई ओरडायची तरी.

पण गायरान म्हणजे पडीक जागा, हे गुरुजींनी ठरवलं होतं. आमच्यासाठी ती पडीक नव्हती. ज्यांना शेतं होती त्यांच्या गुरांना बांध होते, कडबा होता. आमच्या शेळ्यांना ते गायरान होतं आणि दुसरं काही नव्हतं. गुरुजींनी ग्रामपंचायतीकडून ठराव करून घेतला, चारी बाजूंनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि गावभर दवंडी दिली की आता इथं चराई बंद. आई म्हणाली, "मंग शेळ्यायला काय मी माझा पदर चारू का?" तिला उत्तर द्यायला कोणी थांबलं नव्हतं.

उन्हाळ्यात एका जागी कुंपण मोडलं आणि आमच्या शेळ्या आत शिरल्या. त्यांनी रोपं खाल्ली, हे खरं आहे. माझा लिंबही खाल्ला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात बालपंचायत भरवली. त्यांच्या शिक्षणाची ती सगळ्यात आवडती गोष्ट. मुलांनी स्वतः विचार करायचा, स्वतः निर्णय घ्यायचा, जबाबदारी शिकायची. मला पुढे उभं केलं. "गुन्हा कुणाचा?" गुरुजींनी विचारलं. "शेळ्यांचा!" सगळा वर्ग ओरडला. "शेळ्यांच्या बाजूनं कुणी बोलणार?" मीच बोलले, "गुरुजी, आमची भुरी गाभण हाय. तिला कोंडू नगा." गुरुजी माझ्याकडे बघून मायेनं हसले. ते हसणं मला अजून दिसतं. म्हणाले, "हिरा, भावना वेगळी आणि न्याय वेगळा." मग हात वर करायला सांगितले. मी कोणता हात वर करावा या विचारात होते, तेवढ्यात ते म्हणाले, "हिराला मत नाही. ती एक पक्ष आहे."

कोंडवाडा ठरला. शेळ्या मीच न्यायच्या, असंही ठरलं, कारण जबाबदारी ज्याची त्यानं घ्यायची. भुरीच्या गळ्यातली दोरी माझ्या हातात, बाकीच्या शेळ्या तिच्यामागं आणि त्यांच्यामागं सगळी शाळा 'झाडे लावा, झाडे जगवा' म्हणत. माणसं ओट्यांवर येऊन बघत होती. कोंडवाडा म्हणजे छप्पर नसलेल्या चार दगडी भिंती, आणि ऊन कसलं, तर वैशाखातलं. बाप पैठणकडे होता, दंड भरायला आईजवळ काही नव्हतं. ती पाण्याची घागर घेऊन गेली तर शिपाई म्हणाला, "किल्ली सरपंचाकडं हाय, आन् सरपंच गावाला गेला." तिनं भिंतीवरून पाणी ओतलं, ते दगडांवरच सुकलं. निरोप पोचून बाप आला, दंड भरून दार उघडलं, तोवर भुरीनं पिल्लू टाकलं होतं. भिंतीच्या बुडाशी वीतभर सावली होती, तिथं ती मान घालून पडली होती. आईनं हाक मारली तर कान हलला तेवढा. संध्याकाळी गेली.

गुरुजी कोंडवाड्याकडे एकदाही आले नाहीत. त्याच महिन्यात पाटलाची गुरं गायरानात शिरली, तेव्हा गुरुजींनी पाटलाकडे निरोप धाडला, "जरा लक्ष असू द्या." बालपंचायत भरली नाही.

बापानं माझी शाळा बंद केली. आणि इथंच माझ्या रागाची पंचाईत होते. कारण गुरुजी उन्हातून चालत आमच्या वस्तीवर आले, घोंगडीवर बसले, आमच्या घरचं पाणी प्याले. म्हणाले, "मुलगी फार हुशार आहे. तिला घरी बसवू नका, पाया पडतो." भुरीचा विषय त्यांनी काढला नाही. बापानंही काढला नाही, त्याच्या जातीला विषय काढायची सवय नव्हती. तो इतकंच म्हणाला, "धाडतो गुरुजी. पर येक सांगा, तिथं शिकवता काय तुमी लेकरायला?" गुरुजी म्हणाले, "माणुसकी." बाप म्हणाला, "बरं." मी परत शाळेत गेले, शिकले, डी.एड. केलं, मास्तरीण झाले. हे सगळं त्या एका चालत येण्यामुळं झालं. त्यांचे उपकार नसते तर मी त्यांना निवांत विसरून गेले असते.

पुढे गायरानाची राई झाली, गुरुजींना पुरस्कार मिळाले, निवृत्तीनंतर ते मुलाकडे गारखेड्यातच राहायला आले. वृक्षारोपणाला आमच्या शाळेनं त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. मी मागं मुलांच्या रांगेजवळ उभी होते. गुरुजी माईकवर रंगात आले होते. "मुलांना शिक्षा करू नका, त्यांना न्याय करू द्या! माझ्या शाळेत एका धनगराच्या मुलीनं स्वतःच्या शेळ्या हसत हसत कोंडवाड्यात नेल्या, हसत हसत!" टाळ्या पडल्या. ही गोष्ट ते गावोगाव सांगत फिरत होते, हे मला तेव्हा कळलं.

मग ते आजारी पडल्याचं ऐकलं आणि मी त्यांच्या घरी गेले. खिडकीशी खाटेवर होते, अगदी वाळलेले. मी म्हटलं, "गुरुजी, ती शेळ्यांवाली मुलगी मीच. हिरा." त्यांचा चेहरा उजळला. "तू? अरे वा! काय करतेस?"

"मास्तरीण आहे. गुरुजी, भुरी मेली होती."

"कोण भुरी?"

"आमची शेळी. गाभण होती. कोंडवाड्यात मेली."

ते म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

सून चहा घेऊन आली, कप ठेवून गेली. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील... आणि म्हणाले, "पण झाडं जगली ना?"

"जगली," मी म्हटलं. चहा प्याले आणि निघाले. ती आमची शेवटची भेट.

शोकसभेत एका वक्त्यानं तीच गोष्ट पुन्हा सांगितली. 'हसत हसत' इथपर्यंत तो आला आणि मी उठले. माईक मागितला नाही, जागेवरूनच बोलले, "ती मुलगी मी आहे. मी हसत नव्हते. मी रडत होते आणि सगळ्यांनी ते पाहिलं होतं." अध्यक्ष म्हणाले, "ताईंच्या भावना आपण समजू शकतो," आणि पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं. पुन्हा भावना! बाहेर पडताना माझ्या वर्गातला एक जण, आता पिकल्या केसांचा, चपला शोधत माझ्याजवळ आला. "हिरा, आमाला लई मजा वाटली व्हती तवा," तो म्हणाला. "कोणी सांगितलंच नाय की शेळी मेली." मी त्याच्यावर चिडले नाही. मुलांना मजा वाटणारच. दया आली तरी ती मतदानानं बाजूला सारता येते, हे त्यांना त्या दिवशी शिकवलं गेलं होतं, तेही अतिशय प्रेमानं. छडी मारणाऱ्या मास्तराला मुलं पुढे विसरतात किंवा माफ करतात. हा माणूस छडी मारत नव्हता.

त्यांची एक सवय मात्र माझ्याकडे राहिली आहे. हजेरी घेताना गुरुजी आम्हाला 'हजर' म्हणू द्यायचे नाहीत. नाव पुकारलं की येताना वाटेत काय पाहिलं ते सांगायचं. पळसाला फूल आलंय, ओढ्यात बगळा होता, असं. गुरुजी "वा" म्हणायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. मीही अशीच हजेरी घेते, फक्त पुढच्या नावाकडे लगेच जात नाही. शोकसभेनंतरच्या सोमवारी आफरीन म्हणाली, "मॅडम, बायपासच्या कडेनं मेंढ्या चालल्या होत्या. एक लंगडत होती."

"मग तिचं काय झालं?"

"मी रिक्षात होते ना."

वर्ग हसला. मी हसले नाही, वाट पाहिली. आफरीन आपल्या पाटीकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाली, "चाचांना रुको म्हटलं, ते रुकले नाहीत. म्हणून मी मागच्या काचेतून बघत राहिले... मग त्या मेंढीवाल्या बाईनं तिला उचलून खांद्यावर घेतलं. तेव्हा मी पुढं तोंड केलं."

मी तिच्या नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं.