भुऱ्याचं दुखणं

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. हसायचं तेवढं हसून घ्या, पण नंतर बाजारात मला चिडवायचं नाही! एका धडधाकट कुत्र्याच्या पिल्लाला मी आईच्या शेवटच्या भेटीला नेलं होतं. हो, मीच! संस्थानच्या शाळेत पोरांना शहाणपण शिकवणारा मास्तर!

आमची बदली मोखाड्याहून जव्हारला झाली, तेव्हाची गोष्ट. घर मिळालं ते गावाच्या टोकाला, पलीकडे लगेच रान. मी शाळेत गेलो की यमुना, म्हणजे आमची मंडळी, घरात एकटी. म्हणाली, "एखादं कुत्रं तरी आणा हो." साखरशेतच्या जानकीआजीची कुत्री व्याली होती. आजीनं तीनेक महिन्यांचं एक पिल्लू माझ्या उपरण्यात घातलं. रंग राखाडी, म्हणून नाव भुऱ्या.

आजीच्या अंगणात कोंबड्यांना पळता भुई थोडी करणारा हा गडी आमच्या घरात आला आणि गप्प! सरळ भाताच्या कणगीमागच्या फटीत शिरला आणि पायांवर हनुवटी टेकून बसला. भुंकणं नाही, शेपूट हलवणं नाही.

"नवं घर आहे, रुळेल हळूहळू," यमुना म्हणाली.

एवढ्यावर थांबेन तर मी मास्तर कसला? कणगीपाशी पालथा पडलो आणि सुरू झालो. "भुऱ्या, बाळा, ये ना रे! हे घर तुझंच आहे! घाबरतोस कशाला?" चांगला तासभर समजावलं. शेवटी भुऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

दूध ठेवलं आणि समोर मांडी घालून बघत बसलो. शिवला नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली चाटूनपुसून स्वच्छ. यमुना म्हणाली, "प्यायला की!" मी म्हटलं, "छे, मांजर प्यायलं असणार."

मग काय, गल्लीभर बातमी झाली. शेजारच्या काशीबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. त्यांच्यामागून आठ-दहा माणसं आली, एकेक जण वाकून फटीत डोकावू लागला. कुणी चुचकारतंय, कुणी टाळ्या वाजवतंय. भुऱ्या आणखी आत! अखेर वैद्यबुवा आले. तेही पालथे पडले. उठून धोतर झटकत म्हणाले, "मास्तर, आईचा ध्यास घेतलाय यानं. असं जनावर फार दिवस काढत नाही."

दोन दिवसांत लळा लागला होता हो!

सुटीच्या दिवशी त्याला टोपलीत घालून तीन कोस चालत साखरशेत गाठलं. वाटभर त्याला धीर देत होतो. जानकीआजी अंगणात नाचणी पाखडत होती.

"आजी, याला आईची शेवटची भेट घडवा!" मी टोपली तिच्यापुढे ठेवली.

आजीनं पिल्लू उचललं, नाकाला हात लावला, पोट चाचपलं. "पोट तं भरलेलां हाय. याला काय नाय झालां."

"मग कोपऱ्यातून हलत का नाही?"

"तो बसला म्हंजे तुम्ही काय करता?"

मी सगळं सांगितलं. बराच वेळ सांगत होतो. आजीची अर्धी नाचणी पाखडून झाली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्हाला कोणी नव्या गावाला नेलां, नि सगळा गाव तुमच्या तोंडाशी येऊन बोलाया लागला, तं काय कराल?"

"एखादा कोपरा शोधीन," मी म्हटलं. आणि जीभ चावली.

"बसा इथं. त्याच्याकडं बघायचां नाय. बोलायचां नाय."

बसलो. काय सांगू, माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लांब घटका ती! भुऱ्याची आई आली, त्याला हुंगलं आणि खुशाल सावलीत जाऊन झोपली. ही शेवटची भेट! भुऱ्या टोपलीतून उतरला. अंगण हुंगलं. मग माझा अंगठा हुंगला. "भु…" म्हणायला तोंड उघडलं, तर आजीनं सूप उगारलं. थोड्या वेळानं माझ्या पावलावर काहीतरी ऊबदार टेकलं. भुऱ्याची हनुवटी होती! डोळे मिटून निवांत घोरत होता लबाड. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण हलवतोय कोण?

"न्या घरी," आजी म्हणाली. "चार दिवस गप राहा. आपला आपण येईल जवळ."

घरी आलो तर यमुना दारातच उभी. "काय म्हणाली आजी? औषध दिलं का काही?"

"दिलं," मी म्हटलं. "भुऱ्याला नाही, मला. चार दिवस तोंड उघडायचं नाही."

यमुनानं साखरशेतच्या दिशेनं हात जोडले.

"अगं बाई! लग्नाला सहा वर्षं झाली, आणि हे औषध तीन कोसांवर होतं होय!"