एक जूनचे पेशंट

हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरचं अपग्रेड एकही एरर न देता पार पडलं, पण पेशंट कमी भरले. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होते त्यापेक्षा नव्यात बरेच कमी. नशीब, हे सगळं कॉपीवर चाललं होतं. खऱ्या डेटाला हात लावण्याआधी त्याची नक्कल काढायची आणि तिच्यावर रंगीत तालीम करायची, ही माझी खोड. इस्लामपूरच्या ज्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर मी सांभाळते, तिथल्या डॉक्टरांना तो वेळकाढूपणा वाटायचा.

मी पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत फोन लावला. तिथला इंजिनिअर खुशीत होता. नव्या व्हर्जनमध्ये ‘ऑटो मर्ज’ आहे, म्हणाला. म्हणजे एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या असतील, तर सॉफ्टवेअर आपणहून त्यांची एक करतं. नाव, गाव, जन्मतारीख जुळली की झालं.

“ही सोय बंद करता येते का?”

“कशाला, मॅडम? जन्मतारखेसकट जुळतंय म्हणजे माणूस एकच.”

डॉक्टरांनाही ते पटलं. सोमवारपासून नवीन सिस्टीम चालू करा, म्हणाले. मला मात्र चैन पडेना. एक झालेल्या नोंदी उघडून बघायला बसले, तर जो तो एक जूनला जन्मलेला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझ्या वडिलांचीही तारीख तीच आहे. आमच्याकडच्या जुन्या माणसांचा जन्म कुणी लिहून ठेवला नव्हता. शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने साल धरायचे आणि तारीख सरसकट एक जून टाकायचे. त्यात निम्मं गाव एका आडनावाचं. पुण्यातल्या पोराला बिचाऱ्याला हे कोण सांगणार?

एक नोंद घेऊन मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. दोन संभाजी पाटील, एकाच गावचे, कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेले. एकाला पेनिसिलिनची ॲलर्जी, दुसऱ्याला नाही. मर्ज करताना सॉफ्टवेअरने नंतरची नोंद खरी धरली आणि ॲलर्जी पुसली गेली.

डॉक्टरांनी दोघांच्या जुन्या नोंदी स्वतः उघडून बघितल्या. “ॲलर्जीवाला म्हणजे आमचा फौजी,” ते म्हणाले. “एकदा त्या इंजेक्शनने मरता मरता वाचलाय तो. तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या.”

पुण्याचा इंजिनिअरही हे ऐकून गार पडला. त्याने मर्ज बंद करून दिलं. आता सॉफ्टवेअर जुळणाऱ्या नोंदी नुसत्या दाखवतं. एक करायच्या की नाही, हे रिसेप्शनवाले पेशंटला विचारून ठरवतात. मग पुन्हा कॉपीवर तालीम केली. पेशंट पुरते भरले, तेव्हाच खऱ्या डेटाला हात लावला.

पुढे फौजी संभाजीराव तपासणीला आले, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. भीत भीतच सांगितलं, पण ते हसायला लागले.

“गुर्जींनी आमाला एकाच दिवशी जलमाला घातलं, ते चाललं,” म्हणाले. “तुमी दोघांस्नी एकच इंजेक्शन देऊ नगा, म्हंजे झालं.”

एका माणसाच्या दोन नोंदी राहिल्या, तर फार तर कामाला वेळ लागतो. दोन माणसांची एक झाली, तर ती दुरुस्त करेपर्यंत माणूस उरेलच असं नाही.