त्या रविवारी नेमलेला पाठ

रत्नाकरराव पाटोळे चांगले बोलतात, असं चेन्नईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत सगळे म्हणायचे. मंडळी म्हणजे तरी किती? रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त होऊन इथंच राहिलेली चार-दोन घरं, आणि अलीकडे मोटारींच्या नाहीतर कॉम्प्युटरच्या कंपन्यांत नोकरीला आलेली तरुण पोरं. अड्यारला एका तमिळ चर्चच्या मागे लहानसा हॉल आहे. रविवारी दुपारी तमिळ मुलांचा वर्ग सुटला, की तो यांना मिळायचा. पाळक महिन्यातून एकदा येत. बाकीच्या रविवारी शास्त्रपाठ वाचायचा आणि त्यावर थोडं बोलायचं, हे काम बरीच वर्षं रत्नाकररावांकडे होतं.

पाठ नेमलेला असे. वाचणाऱ्याने आपल्या आवडीचं पान उघडून वाचायचं नाही, अशी रीत. नाताळच्या महिनाभर आधी, आगमनकाळ सुरू होण्यापूर्वी, नगरहून टपालाने एक पत्रक येई. त्यात वर्षभरातल्या एकेका रविवारचा उतारा ठरलेला. तीन वर्षं संपली, की तेच चक्र पुन्हा पहिल्यापासून. कुणाकडे लग्न असो नाहीतर मयत, त्या रविवारी जे आलं ते वाचायचं. रत्नाकररावांची बायको एस्तेरबाई म्हणायची, "वाढलंय ते खायचं. कारलं आलं म्हणून ताट बदलून मागायचं नाही."

ते पत्रक वेस्ट मांबलमच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एका खिळ्याला टांगलेलं असे. पुढच्या रविवारी काय आहे ते रत्नाकररावांना बघावं लागे. एस्तेरबाईला बघावं लागत नसे.

मंडळीला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. रत्नाकरराव जे बोलत, त्यातलं चांगलं ते सगळं एस्तेरबाईचं असे.

शनिवारी संध्याकाळी ती शेवग्याचा पाला निवडायला बसायची. हे समोर बसून, चष्मा पुसत पुसत, उद्या काय बोलणार ते तिला म्हणून दाखवायचे. त्यांची वाक्यं लांबलचक, जुन्या पाळकांकडून उचललेली. आगमनकाळाच्या एका शनिवारी ते म्हणत होते, "प्रिय बंधुभगिनींनो, प्रतीक्षा ही आत्म्याची..."

"अहो, थांबा," ती म्हणाली. "वाट बघण्यातलं तुम्हाला काय कळतं? पाण्याच्या लॉरीची वाट बघितलीत कधी?"

"मी कामावर असायचो."

"तेच म्हणते. लॉरी येणार हे नक्की. कधी येणार ते कुणालाच माहीत नाही. म्हणून घागर धुऊन, जिन्याखाली रांगेत लावून ठेवायची, आणि मग आपलं काम करत राहायचं. कान तेवढा रस्त्याकडे. हे सांगा उद्या."

यांनी तेच सांगितलं. चेन्नईत तेव्हा पाण्याची फार ओढ होती. हॉलमधल्या बायकांनी एकमेकींकडे बघून माना डोलावल्या.

बाळ येशूला घेऊन मरिया आणि योसेफ मिसर देशात पळून गेले, त्या पाठाला ती म्हणाली होती, "परक्या मुलखात गेल्यावर मरियेला पहिला प्रश्न पडला असेल तो भाजी कुठल्या भाषेत मागायची हा." हे ऐकून कीर्तीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती लग्न होऊन नाशिकहून नुकतीच आलेली, तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. ईस्टरच्या पाठाला, पहाटे बायका कबरेकडे निघतात तिथं, एस्तेरबाई म्हणाली होती, "कबरेच्या तोंडावरचा दगड कोण लोटणार ते ठाऊक नसताना निघाल्या बघा. पुरुषांनी आधी मीटिंग घेतली असती." हे मात्र रत्नाकररावांनी हॉलमध्ये सांगितलं नाही. धीर झाला नाही.

त्यांनी तिला पुष्कळदा म्हटलं होतं, "तूच का बोलत नाहीस उभी राहून?"

"मला पाला निवडताना सुचतं. तिथं उभं राहून कुठला पाला निवडू?"

दोन हजार सहा साली, ईस्टरच्या आठवडाभर आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी, एस्तेरबाईला पक्षाघात झाला. ईस्टर इस्पितळात गेला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. ऐकू सगळं येत होतं, कळतही सगळं होतं, हे तिच्या डोळ्यांवरून दिसे. पण बोलायला गेली, की घशातून नुसता आवाज यायचा, ओढून काढल्यासारखा. लोक नीट कळावं म्हणून तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. मग ती तोंड मिटून घ्यायची.

डॉक्टर म्हणाले, सुधारेल, वेळ लागेल. पुढं पुढं ते नुसतंच वेळ लागेल म्हणू लागले.

समोरच्या फ्लॅटमधल्या राजसबाई तिच्यापाशी येऊन बसत. त्या तंजावरकडच्या मराठी. कपाळावर मोठं कुंकू, बोलणं जुन्या वळणाचं, मधूनमधून तमिळ. पूर्वी शनिवारी पाला निवडायला त्याही बसायच्या. "तुमच्या देवाचें मज काही ठाव नाही," त्या म्हणायच्या, "पण मराठी कानी पडते, तें बरें वाटते." आता त्या एस्तेरबाईचे केस विंचरून देत आणि म्हणत, "अय्यो, पावम, बिचारी. एवढी बोलायची बाई."

मंडळीने रत्नाकररावांना कामातून मोकळं केलं. वसंतराव म्हणून दुसरे एक वृद्ध गृहस्थ बोलू लागले. रत्नाकरराव बायकोला चाकाच्या खुर्चीतून नेऊन मागच्या रांगेत बसत. पावसाळ्याच्या दिवसांत तिकडे महाराष्ट्रात जे रविवार येतात, ते चेन्नईत नुसत्या उकाड्यात जातात. त्या उकाड्यात एकामागून एक पाठ येत गेले. मेलेली मुलगी उठून बसली. बारा वर्षं आजारी असलेली बाई येशूच्या वस्त्राच्या काठाला हात लावून बरी झाली. रत्नाकरराव खाली मान घालून ऐकत. पुढं काही रविवार सलग भाकरीचेच पाठ होते, तेव्हा त्यांना जरा श्वास घेता आला.

पण पत्रक त्यांनी पाहिलं होतं. भाकरीचे रविवार संपले, की सप्टेंबरात एक पाठ येणार होता. एका माणसाला येशूकडे आणतात. त्याला ऐकू येत नाही, धड बोलताही येत नाही. येशू त्याच्या जिभेला स्पर्श करतो, आणि तो नीट बोलू लागतो.

नेमका त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात मंदारचा फोन आला. मंदार हा कीर्तीचा नवरा, मोटारींच्या कंपनीत होता आणि हॉलची किल्ली त्याच्याकडे असे.

"काका, वसंतराव पुण्याला गेलेत मुलीकडे. या रविवारी तुम्हीच बघा ना."

"मला नाही जमायचं आता."

"असं काय काका? तुम्ही उभे राहिलात की आपोआप सुचतं तुम्हाला. आम्हाला माहिती आहे."

रत्नाकररावांना नाही म्हणायची सवय नव्हती. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण हो म्हटलंय.

हा पाठ तीन वर्षांपूर्वीही आला होता. तेव्हा एस्तेर यावर काहीतरी बोलली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पाल्याची काडी हातात धरून, ती हलवत, काहीतरी म्हणाली होती. हॉलमध्ये ते सांगितल्यावर लोक एकदम गप्प झाले होते, तेही आठवत होतं. पण ती काय म्हणाली, ते काही केल्या आठवेना. ते आठवलं असतं तर उभं राहता आलं असतं. आंघोळ करताना, दूध आणताना, मांबलम स्टेशनच्या पुलावर भाजीची पिशवी खाली ठेवून, ते आठवत राहिले. बायको समोर बसली होती. सगळं तिच्याजवळ होतं. विचारायची सोय नव्हती.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी राजसबाईंना विचारलं, "मागं या पाठावर एस्तेर काय म्हणाली होती, तुम्हाला आठवतं का हो?"

राजसबाई एकट्याच पाला निवडत होत्या. "तें मज कसें आठवणार, अण्णा? मी आपली ऐकत होत्यें. ती काय असेल तें अस्कें तुम्हालाच सांगायची."

एस्तेरबाई खिडकीपाशी होती. तिने यांच्याकडे पाहिलं. काही बोलायला म्हणून तोंड उघडलं, आवाज आला, आणि तिने मान फिरवली.

त्या रात्री त्यांनी मनाशी ठरवलं. हा पाठ वाचायचाच नाही. हरवलेल्या मेंढराचा वाचायचा. तो सगळ्यांना आवडतो, त्यावर बोलायला कुणाचीच मदत लागत नाही. पाळक नाहीत, वसंतराव नाहीत, पोरांना कुठल्या रविवारी काय येतं ते कुठं ठाऊक असतं? आणि एस्तेरला तरी, जे तिला मिळणार नाही ते सगळ्यांच्या देखत का ऐकवायचं? सकाळी उठल्या उठल्या त्यांनी खिळ्यावरचं पत्रक काढून तांदळाच्या डब्यामागे सारलं. माणूस चूक करतो तेव्हा किती बारकाईने करतो! खिळा मात्र तसाच राहिला. चहाच्या वेळी एस्तेरबाई बराच वेळ त्या खिळ्याकडे बघत होती. यांना वाटलं, भिंत बघतेय.

दुपारी राजसबाईही बरोबर निघाल्या. रिक्षातून खुर्ची नेणं एकट्याचं काम नव्हतं. हॉलमध्ये पंखे जोरात फिरत होते, तरी घाम थांबत नव्हता. एस्तेरबाईची खुर्ची या वेळी मंदारने पुढं आणून ठेवली. "काका बोलणार म्हटल्यावर काकू पुढंच हव्यात."

गीत झालं, प्रार्थना झाली. रत्नाकरराव उभे राहिले आणि हरवलेल्या मेंढराचा पाठ वाचू लागले.

दोन ओळी झाल्या असतील. खुर्चीच्या हातावर थाप पडली. त्यांनी वर पाहिलं. एस्तेरबाईने डावा हात उचलला होता. ते पुढं वाचू लागले. पुन्हा थाप पडली. मग पडतच राहिली, धप, धप, धप. तिचा चेहरा लाल झाला होता.

कीर्ती वाकून म्हणाली, "काकू, पाणी हवंय?"

थाप.

"बाहेर नेऊ का?"

थाप. मागून राजसबाई म्हणाल्या, "तीस काही नको. ती अण्णांस सांगते आहे."

ती काय सांगत होती, ते रत्नाकररावांना कळलं. तिच्या मुकेपणात तिचं बोलणं त्यांना नीट कळलं असं हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि कळलं ते हे, की ताट बदलू नका.

"माझी चूक झाली," ते हळूच म्हणाले. "आजचा पाठ हा नाही."

हात थांबला.

त्यांनी पान उलटून नेमलेला पाठ काढला आणि वाचला. लोक त्या माणसाला घेऊन आले, तिथपासून त्याच्या जिभेची गाठ सुटली, तिथपर्यंत. वाचन संपलं. रत्नाकररावांनी डोळे वर केले तर सगळी मंडळी, मंदार, कीर्ती, मागच्या रांगेतली पोरं, सगळे एस्तेरबाईच्या तोंडाकडे बघत होते. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. उलट फार चांगलं होतं. पण बघत होते.

आणि तेव्हा त्यांना ते आठवलं.

पाल्याची काडी हलवत ती म्हणाली होती, "तुम्ही जिभेवरच काय बोलताय? आधी बघा काय केलं ते. त्याला गर्दीतून बाजूला नेलं. का? जन्मभर सगळे त्याच्या तोंडाकडेच बघत आले होते. बरं करायचं ते मागाहून. आधी त्याला बाजूला नेलं."

आता बोलायला हवं होतं. हे सांगितलं असतं तर मंडळी तीन वर्षांपूर्वीसारखीच गप्प झाली असती. रत्नाकररावांनी तोंड उघडलं. शब्द होते, पण आवाज फुटेना. पुस्तक तिथंच ठेवून ते खाली आले, खुर्चीच्या मागं गेले, आणि खुर्ची वळवून बाजूच्या दाराने बाहेर घेऊन गेले.

"काका?" मंदारची हाक आली. मग राजसबाईंचा आवाज, "राहू दे रे तंबी. तू गाणें म्हण."

बाहेर कडुनिंबाच्या झाडाखाली सावली होती. तमिळ मुलांनी खडूने आखलेले चौकोन तसेच फरशीवर होते. रत्नाकररावांनी खुर्ची थांबवली आणि पुढं येऊन पायरीवर बसले. इथं तिच्या तोंडाकडे बघणारं कुणी नव्हतं. तेही झाडाकडे बघत बसले.

पाठातल्या त्या माणसाला बाजूला नेल्यावर पुढं बरंच काही झालं होतं. इथं व्हायचं काही राहिलं नव्हतं. तिथं येशूने वर बघून एक उसासा टाकला होता. तेवढा यांनीही टाकला.

थोड्या वेळाने एस्तेरबाई बोलू लागली. घशातून तो ओढलेला आवाज येऊ लागला, पण या वेळी ती थांबली नाही. आवाज वर गेला, खाली आला, मध्ये जरा थांबला, पुन्हा सुरू झाला. ती काहीतरी लांबलचक सांगत होती. शनिवारी सांगायची तसं. डावा हात, काडी धरल्यासारखा, हलत होता.

रत्नाकरराव कान देऊन ऐकत राहिले. त्यांना एक शब्दही कळला नाही.

"बरं," ते म्हणाले. "पुन्हा सांग."

आतून मंडळीच्या गाण्याचा आवाज येत होता. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.