भिंतीवरची फोडणी

“दिसतंय का हो अजून?”

हातात ओलं फडकं घेऊन, समोरच्या फूटपाथवर उभ्या राहून, एक डोळा बारीक करून शेजारच्या काकू हे विचारायच्या. “छे, काही नाही,” मी म्हणायचे. तुम्हीही तेच म्हणाला असतात. खरं तर त्यांच्या घराच्या भिंतीवर चांगला हातभर पिवळट ओघळ स्वच्छ दिसत असे.

जर्मनीत, कार्ल्सरूहेजवळच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, शेजारीशेजारी. भिंतींना बाहेरून पांढऱ्या लाकडी फळ्या. आमचं घर कोपऱ्यावरचं, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या चिमणीचा पाइप मागे झुडपांत निघतो. काकूंचा मात्र थेट दर्शनी भिंतीतून, रस्त्याकडे तोंड करून निघायचा आणि त्यातून तेलकट वाफ भिंतीवर ओघळायची. मोहरी-हिंग दोन्ही घरांत तडतडायचं, पण अब्रू जायची ती काकूंची.

एरवी ही बाई कुणाला भिणारी नव्हे. सरकारी कचेरीत मोडक्या जर्मनमध्ये साहेबाला गप्प करून आलेली. पण समोरच्या म्हाताऱ्या बाई त्या भिंतीकडे नुसतं बघून गेल्या, तरी दोन दिवस काकूंची फोडणी बंद.

फळ्या खालून कुजल्या आणि बदलायचं ठरलं. काकांनी नमुने आणून टेबलावर मांडले. काकूंनी कढल्यात हळद घालून तेल तापवलं आणि प्रत्येक नमुन्यावर चमच्यानं एकेक थेंब टाकला. खोटं वाटेल, पण मी समोर बसले होते.

“आल्झो,” काका जर्मन थाटात म्हणाले, “म्हणजे फळ्या घराला लावायच्यात की कढईला?”

“अहो, येणारेजाणारे बघतात ना!”

काकांना फिकट लाकडी रंग हवा होता. ठरला अँथ्रासाइट, म्हणजे जवळजवळ काळा.

सुतारानं शिडीवरून ती डागाळलेली फळी खाली दिली, तशा काकू धावल्या. कचऱ्याच्या कंटेनरमध्ये ती पालथी घातली आणि वर जुनी चादर टाकली. सुतार हसला. माझे कान तापले. माझ्याच घरातलं काही उघडं पडावं तसं वाटलं.

नवी भिंत झोकदार दिसायची. पण पंधरवड्यात पाइपाखाली तेल चकाकायला लागलं, त्यावर धूळ बसली. उन्हात तर पांढऱ्या फळीपेक्षा जास्त दिसे. काकूंनी पुन्हा विचारलं नाही. फोडणीच सोडली.

नंतर एकदा त्यांनी जेवायला बोलावलं. बिनफोडणीचं वरण, उकडलेली कोबी. “हलकं वाटतं हो आता,” काकू म्हणाल्या. काका मुकाट्यानं वरणावर कच्चं तेल घेत होते. लाज तिघांनाही वाटत होती आणि तिघंही कोबीचं कौतुक करत होतो.

काका निवृत्त झाले, दोघं पुण्याला परतली. घर एका जर्मन कुटुंबानं घेतलं. ते लोक दर रविवारी श्नित्सेल, म्हणजे मांसाचे कटलेट, तळतात.

परवा फिरून येताना पाहिलं. पाइपाखाली ओघळ होता, आणि त्याच्याच खाली खुर्च्या टाकून मंडळी कॉफी पीत होती. मी नकळत पलीकडच्या फूटपाथवर गेले, एक डोळा बारीक केला. दिसत होता. काकूंच्या डागापेक्षा लांब.

“हालो!” त्या घरातल्या बाईंनी हात हलवला. “या ना, कॉफी घ्या!”

डाग त्यांच्या भिंतीवर होता, आणि मान मी खाली घातली होती.