एर्सिलियाचं धुकं

इटलीतल्या आमच्या लांगेच्या टेकडीवर एर्सिलिया पाहुण्यांना भाड्याने खोल्या देते. समोर पाल्मिराचं घर. ऑक्टोबरात पाल्मिराचा द्राक्षमळा लालभडक होतो, नि एर्सिलियाचे पाहुणे दिवसभर तिकडेच टक लावून बसतात. हिच्या पोटात दुखतं! म्हणून फोनवर कुणी 'कधी यावं?' विचारलं की ही ठोकून देते, "फेब्रुवारीत या, धुकं काय सुंदर पडतं!" तेव्हा समोरचं कुंपणही दिसत नाही, हे सांगत नाही.

यंदा एक जोडपं खरंच आलं. धुक्यात हिचं घर सापडेना, तेव्हा लसूण-मासळीच्या कालवणाच्या वासावर ते थेट पाल्मिराच्या स्वयंपाकघरात पोचलं, जेवलं नि तिथेच राहिलं.

सकाळी पाल्मिरा ओरडली, "अगं एर्सिलिये, हे विचारताहेत, माझ्याकडे परत कधी यावं? तूच सांग बाई, तुला ऋतू कळतात!"