सिमेंटवरचं शेण
कारवीच्या काठ्यांचा कूड शेणमातीनं लिंपावा तो दाभोशाच्या रुपीनंच. तिच्या हातचं घर भर उन्हाळ्यात गार राहायचं. म्हणून २००४ साली हेमंत गुरुजींनी तिला शिरपामाळाजवळ बोलावून घेतलं. निवृत्तीनंतर त्यांना तिथं पाहुण्यांसाठी ‘पर्यावरणपूरक घर’ थाटायचं होतं.

घर पाहून रुपीला हसू आवरेना. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, आणि बाहेरून खिळ्यांनी ठोकलेली कारवी! बुजगावण्याला सदरा चढवावा तशी. या सोंगावर तिनं आता शेण फासायचं होतं.

आणि हे सोंग कुणाचं, तर याच गुरुजींचं! चौथीत असताना रुपी गोठा आवरून शाळेत यायची, तेव्हा हे नाकाला रुमाल लावून साऱ्या वर्गादेखत म्हणायचे, "शेणाचे हात पुस्तकाला लावू नकोस. जा, बाहेर जाऊन हात धुऊन ये." वर्ग खिदळायचा.

दुपारी पेपरचा फोटोग्राफर आला. गुरुजींनी रुपीला बाजूला केलं, बाह्या सरसावल्या, बोटभर शेण भिंतीला लावलं आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "ही आपली संस्कृती!"

रुपी पडवीत भाकरीचं फडकं सोडून बसली.

"बघू गं, तुझी नागलीची भाकरी," म्हणत गुरुजींनी तोच हात पुढे केला.

रुपीनं भाकरी फडक्यानं झाकली.

"जा गुरुजी," ती फोटोग्राफरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाहेर जाऊन हात धुऊन या."